अण्णाच्या पोटातलं औषध

सरकारी दवाखान्यात मी आया म्हणून लागले तेव्हा माझं काम ठरलेलं होतं. बाळंतिणींना उठवायचं-बसवायचं, चादरी उकळायच्या, आणि ज्या बायका डॉक्टरांपुढं तोंड उघडत नसत त्यांचं दुखणं आत जाऊन ऐकायचं नि बाहेर येऊन सांगायचं. तीन भाषा येत होत्या म्हणूनच मला ठेवून घेतलं असावं. घरात मराठी, शेजारी कानडी, आणि बाजारात, कचेरीत दख्खनी. निजामाच्या राज्याची शेवटची दहा-बारा वर्षं उरली होती, पण ती शेवटची आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं! माझा नवरा त्याच दवाखान्यात चपराशी होता. मागच्या आवारातच आमची खोली होती.

डॉक्टरसाहेब हैदराबाद शहरातून बदलून आलेले. उंच माणूस, दाराच्या चौकटीला डोकं लागेल म्हणून सगळीकडं वाकून जायची सवय लागलेला. बायकोमुलं शहरातच ठेवली होती. संध्याकाळी बाकीचे अंमलदार पत्ते खेळत बसायचे, हे मात्र मागच्या पडवीत. पडवीचं एक टोक त्यांनी फळ्या मारून बंद करून घेतलं होतं. त्याला आम्ही काचखोली म्हणायचो. आत पितळेची दुर्बीण होती, जवळचं बारीक बघायची. शिवाय कापसाची बोळी लावलेल्या काचेच्या नळ्या, रॉकेलची शेगडी आणि चिनी मातीची एक पोकळ दांडी, मेणबत्तीसारखी.

नळ्या धुवायचं काम आधी कंपाउंडरकडं होतं. तो घाबरायचा. रोग्याचे जंतू आहेत म्हटलं की त्याचे हात कापायचे, नळ्या फुटायच्या. एकदा साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम डरते क्या?"

मी म्हटलं, "साब, मी धनगराची लेक. आजा मेंढरं राखायचा. अप्पानं हुलसूरजवळ जमीन केली तवा मेंढरं सुटली. पन शेण-मूत-रगत बघून भ्यायचं आमच्या घरात कुणाला ठावं न्हाई."

ते हसले, आणि काचखोली माझ्याकडं आली. सोड्याच्या पाण्यात नळ्या उकळायच्या, खळखळून धुवायच्या, बोळे घालायचे, तांब्याच्या हंड्यात वाफेवर ठेवायच्या. आत जाताना आणि बाहेर येताना फिनेलनं हात. मला लिहायला-वाचायला येत नव्हतं. म्हणून कोणती नळी कुणाची हे कळावं यासाठी मी तिच्या गळ्याला रंगीत दोरा बांधायची. साहेबांना ती युक्ती आवडली. ते आपल्या वहीत उर्दूत "लाल", "हरा" असं लिहून घेत.

त्या वर्षी उन्हाळ्यात जवळच्या खटकचिंचोळी गावात पटकी लागली.

सुरुवातीला तीन घरं, मग गल्ली. साहेबांनी शहरात कळवलं आणि चार दिवसांत रेल्वेनं एक लाकडी पेटी आली. भुशात करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या होत्या, तोंडं वितळवून बंद केलेल्या, आत किंचित पिवळसर पाणी. मला वाटलं, नवं काहीतरी कडू औषध असेल. साहेबांनी मला काचखोलीत नेलं. पटकीचे जंतू वाढून गढूळ झालेली एक नळी उजेडाला धरली आणि तिच्यात कुपीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला.

"दोपहर कू आको देखो," म्हणाले.

दुपारी जाऊन बघितलं तर नळीतलं पाणी निवळशंख. पलीकडचा माझा हात दिसत होता.

"बाई, हैजे का कीडा रहता ना, उसकू बी एक कीडा लगता. उससे बी छोटा. ये दांडी में से हैजे का कीडा पार नै होता, वो हो जाता."

मी दुर्बिणीकडं बघितलं. "मग दावा की मला."

"इसमें बी नै दिखता. उसका सिरफ काम दिखता."

न दिसणारं काहीतरी आहे म्हणून सांगणारे आमच्याकडं पुष्कळ होते. मात्र दुपारपर्यंत पाणी निवळून दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं.

खटकचिंचोळीत आम्ही दहा-बारा दिवस बैलबंडीनं ये-जा केली. साहेब विहिरींत पाणी शुद्ध करायची लाल दवा टाकायचे, पाणी उकळून प्या म्हणून ओरडून ओरडून सांगायचे. मी घरांत शिरायची. आधी रोग्याचा नमुना कापसाच्या काडीनं नळीत घ्यायचा, दोरा बांधायचा, मग कुपी फोडून पाण्यातून घोट घोट पाजायची, वरून उकळून गार केलेलं मिठाचं पाणी. माणसं उठून बसायला लागली. सगळी नाही, पण पुष्कळ. डोळे खोल गेलेली एक बाई दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अक्का, तुझ्या हाताला गुण हाय." मी ते साहेबांना सांगितलं नाही, पण मनात ठेवलं. बंडीतून परत येताना नवरा म्हणायचा, "आता आमाला दवाखान्यात कोन ईचारतंय, तूच डाक्टर." मी वरवर रागवायची.

खटकचिंचोळी निवत आली तेवढ्यात हुलसूरहून माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा निरोप आला. आमच्या गल्लीत दोघांना लागली होती. साहेबांना लगेच निघता येईना. त्यांनी मला उरलेल्या सात कुप्यांपैकी सहा दिल्या, लाल दवा दिली, आणि नवऱ्याबरोबर पुढं धाडलं.

पोचले तेव्हा वहिनी आजारी पडून सकाळचे काही तासच झाले होते. वहिनी आणि मी जवळजवळ एका वयाच्या. तोंडानं खणखणीत बाई. मी माहेरी गेले की अंगणातूनच ओरडायची, "आला गं बाई दवाखाना, आता पाय धुतल्याबिगर घरात घेनार न्हाई!" त्या दिवशी तिनं मला बघितलं आणि नुसते ओठ हलवले. आवाज बसला होता.

मी रीतीप्रमाणं आधी नमुना घेतला. नळीला लाल दोरा बांधला. मग कुपी फोडली. अण्णा माझ्या मागं उभा होता.

"बाय, खरं सांग. वाचंल का?"

मी त्याच्याकडं वळून म्हटलं, "अण्णा, चिंचोळीत माझ्या हातानं कितीजन उठून बसले. उंद्या ही तुला भाकरी थापून दील."

हे मी म्हटलं. त्याला धीर द्यायला म्हटलं असं मी पुढं पुष्कळदा स्वतःला सांगितलं, पण ते पूर्ण खरं नाही. माझा तेव्हा विश्वासच होता.

संध्याकाळपर्यंत दोन कुप्या दिल्या, गल्लीतल्या इतरांना चार. कुणालाच उतार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गेली. गल्लीतली आणखी दोन माणसं गेली. अण्णानं सगळं उरकलं, अंघोळ केली, आणि आत येऊन कोनाड्यातल्या फोडलेल्या दोन कुप्या उचलून माझ्या हातात दिल्या.

"हे घिऊन जा," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी साहेब आले, तोवर अण्णालाही लागली होती. माझ्या हातचं तो काही घेईना. शेजारच्या म्हातारीनं त्याला मिठाचं पाणी पाजलं. औषध म्हणून आमच्याकडं उरलंही नव्हतं काही. मी दारात बसून राहायची. तो आत भिंतीकडं तोंड करून पडलेला.

साहेबांनी शाळेची एक खोली मागून घेऊन काचखोलीतलं सामान तिथं मांडलं होतं. तिथं त्यांनी वहिनीच्या लाल दोऱ्याच्या नळीतून जंतू वाढवले. शहराहून आलेल्या कुप्यांतली एक त्यांनी तपासणीसाठी स्वतःजवळ राखून ठेवली होती, तिच्यातला थेंब टाकला. शेजारी चिंचोळीच्या रोग्याची हिरव्या दोऱ्याची नळी ठेवून तिच्यातही तोच थेंब. मला वाटत होतं, औषध उन्हानं नासलं असणार, किंवा मीच काहीतरी चुकले.

काही तासांनी त्यांनी मला हाक मारली. हिरव्या दोऱ्याचं पाणी निवळलं होतं. लाल दोऱ्याचं जसंच्या तसं गढूळ. मी दोन्ही नळ्या खिडकीशी धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

"दवा नै बिगडी," साहेब सावकाश म्हणाले. "तुमारी गलती बी नै. कीडा दूसरा है. ये दवा उसकू पकड नै सकती."

"मग आता?"

ते नखांकडं बघत म्हणाले, जो माणूस वाचतो त्याच्या पोटात कधी कधी त्या जंतूला पुरून उरणारं तयार झालेलं असतं. जंतू बदलतो तसं त्याला खाणारंही बदलतं. शहरातून दुसरी पेटी येईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही, आणि ती आली तरी ह्या गावच्या जंतूला लागू पडेलच असं नाही. इथलं औषध इथंच शोधलं पाहिजे. गल्लीत बरं होत असलेलं कोण आहे?

दोघं होते. एक आजीबाई, तिला लेकानं गाडीत घालून परगावी नेलं होतं. दुसरा माझा भाऊ.

अण्णाला त्या सकाळी बाहेर लिंबाखाली वाकळेवर आणून निजवलं होतं. गालफाडं बसलेली, पण डोळ्यांत तरतरी आली होती. मी मातीचं गाडगं पदराखाली धरून गेले आणि चार हातांवर उभी राहिले.

"अण्णा."

त्यानं बघितलं नाही.

"तुझ्याकडून एक वस्तू पायजे."

"माझ्याकडं काय ऱ्हायलंय आता?"

मी सांगितलं काय पाहिजे ते, त्याचं परसाकडचं. माझे कान तापले होते. भावापुढं असं काही बोलायची वेळ कुणावर येऊ नये. तो कोपरावर उठला आणि वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"कामून?"

"त्यातनं औषध निगंल म्हनायलेत साब."

"आदी काचंतलं पाजलीस. आता हे पाजनार व्हय? कुनाला?"

"गाळून, जंतू मारून, लई वेळा साफ करून. आदी साब पितील. मग मी पीन. मग लोकांला."

तो वर लिंबाची पानं बघत राहिला. मग म्हणाला, "तुज्या साबाचं डोस्कं फिरलंय, आन् तुजं बी." आणि हात पुढं केला. "दे ते गाडगं हिकडं."

पुढचे दिवस कसे गेले ते मला तासातासानं आठवतं. अण्णाचं ते पाण्यात कालवून आधी फडक्यातून, मग चिनी मातीच्या दांडीतून हातपंपानं ओढून गाळलं. वहिनीच्या जंतूंच्या गढूळ नळीत त्याचा थेंब टाकला. दुपारी नळी थोडी फिकी झाली, एवढंच. साहेबांनी ती पुन्हा गाळली, ताज्या गढूळ नळीत थेंब टाकला. ह्या खेपेला पाणी निवळलं. पुन्हा गाळलं, पुन्हा ताजी नळी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला डोळ्यांदेखत निवळायला लागलं. अण्णाच्या पोटातलं मूळचं काही आता त्यात नावालाही उरलं नव्हतं. उरला होता तो फक्त जंतू खाणारा, दर खेपेला नव्यानं वाढलेला.

ज्या रसात हे सगळं वाढवायचं तो साहेब शहरात शिकले तसा मांसाचा करत. पण हुलसुरात निम्मी घरं लिंगायतांची. ती मांसाच्या रसाला शिवणार नाहीत हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं. मग दूध फाडून त्याचा चोथा घेतला आणि कच्च्या पपईच्या चिकात तो विरघळवला. त्या रसात जंतू जरा सावकाश वाढले, पण वाढले.

शेवटचं गाळलेलं पाणी साहेबांनी स्वच्छ रसात टाकून दोन दिवस ठेवलं. त्यात काही वाढलं नाही याची खात्री करून घेतली. मग पेल्यात ओतलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि प्याले. मी हात पुढं केला.

"नक्को बाई, तुम बच्चेवाले हो."

"मी भावाला सांगून आलेय साब."

चव काही नव्हती. किंचित खारट. माझा नवरा दारातून बघत होता. तो म्हणाला, "आता दोगंबी निजून ऱ्हावा, मी बगतो काय हुतंय ते." काहीच झालं नाही. संध्याकाळी मी नेहमीसारखी भाकरी खाल्ली.

ते पाणी आम्ही घरोघर दिलं. गौडांच्या, गावच्या लिंगायत पाटलांच्या घरी थोरली सून आजारी होती. सासू उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि कानडीत विचारलं, ह्यात काय आहे? मी सांगितलं, दुधाचा रस, पपईचा चीक.

"आणखी?"

"ह्या रोगातून जो वाचला, त्याच्या अंगातलं वाचवणारं."

"तो कोण?"

खोटं सांगता आलं असतं. साहेब बाहेर ओट्यावर होते, त्यांना कानडी येत नव्हतं. मी म्हटलं, "माझा भाऊ."

आमचं घर धनगराचं हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडं, मग पेल्याकडं बघितलं. आतून सुनेच्या ओकण्याचा आवाज आला. म्हातारी बाजूला झाली, भिंतीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाली, "मी काही बघितलं नाही. जा आत."

सून वाचली.

पंधरा दिवसांत हुलसूर शांत झालं. लोक म्हणाले साहेबांनी पटकी बांधली. साहेब परतताना बंडीत मला म्हणाले, "बाई, ये मत समझो के हमारी दवाई से रुका. विहीर के पानी का बी काम है, उबालने का बी है. आन् हैजा खुद बी थकता. कितना किसका काम, मेरेकू नै मालूम." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. एवढं सगळं करून हा माणूस स्वतःला थोडंसंही श्रेय घेऊ देत नाही!

पण त्यांना ते जाणूनच घ्यायचं होतं. दवाखान्यात परत आल्यावर त्यांनी काचखोलीत एक नवंच काम सुरू केलं. एका नळीत वहिनीचे जंतू आणि अण्णाचा खाणारा, दोघांना एकत्र सोडून दिलं. रोज सकाळी त्यातला एक थेंब नव्या रसाच्या नळीत घालायचा. ते काम माझं. मी एका पाटीवर रोज खूण करायची, निवळ असेल तर मोकळं गोल, गढूळ असेल तर भरलेलं.

पहिल्या दिवशी मोकळं गोल. मला वाटलं, संपलं, जंतू मेले. तिसऱ्या सकाळी बघते तर नळी गढूळ. मी धावत साहेबांकडं गेले. ते चहा पीत होते.

"होना ही था," म्हणाले. लाखो-करोडोंमध्ये एखादा असा निघतोच की ज्याला खाणारा धरू शकत नाही. बाकीचे मेले की जागा त्याची. त्याचीच पोरं सगळी नळी भरून टाकतात.

"मग खाणारा उपाशी मरंल की."

"देखो."

सहाव्या-सातव्या दिवशी नळी पुन्हा निवळली. खाणाऱ्यांतही एखादा निघाला होता ज्याला नवा जंतू धरता येत होता. मग पुन्हा गढूळ. मग थोडी फिकी, धड निवळ नाही, धड गढूळ नाही. माझ्या पाटीवर अर्धी भरलेली गोलं आली. दर आठवड्याला साहेब थोडे जंतू वेगळे काढून चायना ग्रास शिजवून केलेल्या घट्ट खळीत टोचून मेण लावून ठेवत, आणि थोडं गाळलेलं पाणी कुपीत बंद करत. मी दोरे बांधायची. पहिल्या आठवड्याचा पांढरा, दुसऱ्याचा पिवळा, असे.

आषाढ संपत आला तेव्हा त्यांनी सगळ्या आठवड्यांचे जंतू आणि सगळ्या आठवड्यांची पाणी समोरासमोर मांडली. दिवसभर आम्ही दोघं थेंब टाकत होतो. संध्याकाळी मी ओळीनं बघत गेले आणि मला ते आपोआप दिसलं, साहेबांनी सांगायच्या आधी. ह्या आठवड्याचं पाणी मागच्या सगळ्या जंतूंना निवळवत होतं. मागच्या आठवड्याचं पाणी ह्या आठवड्याच्या जंतूंपुढं काहीच करू शकत नव्हतं.

"साब, खाणारा म्होरं गेलाय. पन जंतूबी उभा न्हाई ऱ्हायला."

ते खुर्चीत मागं टेकले. "मेरेकू ये समझने कू दो महीने लगे बाई, और तुम धागे देखको बोल दिए."

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. ज्या जंतूंना आता कुणीच धरू शकत नव्हतं ते गाठी-गाठीनं तळाशी बसत आणि वाढतही सावकाश होते. वाचण्यासाठी त्यांनी अंगावरचं काहीतरी टाकून दिलं असावं, असं साहेब म्हणाले. आणि मग, "शायद." तो शब्द ते फार वापरत.

श्रावणात पंचमीला भाऊ बहिणीला न्यायला येतो, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षी मी वाट बघितली नव्हती. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णा आवारात उभा होता, खांद्यावर घोंगडं, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. हुलसुरात गाडगं दिल्यानंतर तो माझ्याशी चार शब्दांपलीकडं बोलला नव्हता.

चहा घेतला. माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "ते माझ्यातलं अजून हाय का तुज्याकडं?"

"हाय."

"बघू."

साहेबांना विचारून मी त्याला काचखोलीत नेलं. फिनेलनं हात धुवायला लावले. तो साहेबांसारखाच वाकून आत शिरला. मी त्याला पाटी दाखवली, दोरे दाखवले, कोण कुणाला खातं ते सांगितलं. तो ऐकत होता. त्याचं लक्ष वेगळ्या ठेवलेल्या लाल दोऱ्याच्या नळीवर गेलं.

"ही कुनाची?"

मला सांगावंच लागलं. "वहिनीच्या अंगातले जंतू हायत. त्या सकाळी मी घेतलेले."

तो त्या नळीकडं बघत राहिला. हात लावला नाही.

"ज्यानं तिला मारलं ते अजून जित्तं हाय?"

"व्हय."

"आन् ते काचंतलं औषध ह्याला लागू झालं न्हाई."

"न्हाई. ते चिंचोळीच्या जंतूवर चालायचं. ह्यो दुसराच होता. त्या दिवशी हे मला ठावं नव्हतं अण्णा. साबालाबी नव्हतं."

"आन् माझ्यातलं?"

तेव्हा मी लाल नळीतून एक थेंब ताज्या रसात घातला आणि उन्हात ठेवला. अण्णा बाहेर ओट्यावर जाऊन बसला. माझा नवरा त्याच्याशी पाऊसपाण्याचं, पेरणीचं बोलत बसला. दुपारी नळी गढूळ झाल्यावर मी त्याला आत बोलावून त्याच्यासमोर पहिल्या कुपीतला, पांढऱ्या दोऱ्याचा थेंब टाकला. आम्ही दोघं तिथंच बसलो. तो मधूनमधून उठून नळी उजेडाला धरून बघे, मेंढीचा खूर बघावा तशी दोन बोटांत हलकी धरून. ऊन कलतं झालं तेव्हा पलीकडची खिडकी नळीतून दिसायला लागली.

"म्हंजे तिला हे मिळालं असतं तर."

"तवा हे नव्हतंच अण्णा. तुला झाल्यावर तुझ्या पोटात तयार झालं."

त्याचे खांदे हलायला लागले. वहिनी गेल्यावर तो रडलेला मी बघितला नव्हता. मी नळी जागेवर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं पटक्याच्या शेवानं तोंड पुसून तो म्हणाला, "तू तवा म्हनलीस ती भाकरी थापून दील. लई दिवस त्येच डोस्क्यात बसलं होतं."

"माझ्याबी."

"चल, आवर. अंधार पडायच्या आत पोचायला पायजे."

त्या पंचमीला माहेरी झोका बांधला होता, पण मी चढले नाही. वहिनीच्या जागी चुलीपुढं बसले. अण्णानं जेवताना तिच्या गोष्टी काढल्या, ती अंगणातून कशी ओरडायची त्या. आम्ही हसलोसुद्धा.

साहेबांची पुढच्या वर्षी बदली झाली. जाताना त्यांनी दुर्बीण नेली, नळ्या मला सांभाळायला सांगितल्या. रस करायला शिकले होते मी, म्हणून रोजचा थेंब चालू ठेवला. नवे डॉक्टर आले ते चांगले होते, पण त्यांना ह्या प्रकारात रस नव्हता. पटकीचे जंतू आवारात लेकरंबाळं असताना जिवंत ठेवणं त्यांना धोक्याचं वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांनी सगळं उकळून टाकायला सांगितलं. मीच तांब्याच्या हंड्यात सगळ्या नळ्या, कुप्या घातल्या, लाल दोऱ्याचीही, आणि खाली जाळ केला. दोरे आधी सोडून घेतले होते.

दोनेक महिन्यांनी साहेबांचं उर्दू कार्ड आलं. शाळेच्या मौलवींकडून नवऱ्यानं वाचून आणलं. तब्येत, मुलं, नव्या गावचं पाणी, आणि शेवटी विचारलं होतं की बाईंच्या पाटीवर आता कोणतं गोल आहे. मी मौलवींकडून उत्तर लिहवलं. तुम्ही गेल्यावर अकरा दिवस गढूळ, मग फिकी, मग चार दिवस अगदी निवळ, मग पुन्हा गढूळ होत होती, तेव्हा नव्या साहेबांनी उकळायला लावलं. तुमची दांडी धुऊन ठेवली आहे.

त्याचं उत्तर आलं, ती दांडी तुमच्याकडंच राहू द्या म्हणून. पुढं राज्यात गडबड सुरू झाली, कार्डं थांबली. लिहायला मी नंतर लेकीकडून शिकले, बाराखडी तिच्याच पाटीवर गिरवली. अण्णा पुष्कळ जगला. पटकीनं आमच्या गल्लीतलं कुणी पुन्हा गेलं नाही. ते कशामुळं, किती कुणाचं काम, हे मला सांगता येणार नाही.